कादरभाऊ नळीवाले

आमच्या दवाखान्यात एक कोंबडी होती आणि तिला कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. कारण ती ड्यूटीवर असायची.

हा नियम मला कोणी सांगितला नव्हता. मी मूळची वर्ध्याची. नर्सचं शिक्षण संपवून पहिल्याच नोकरीला इकडे आले, तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि सावलीच्या रस्त्याला मोटार दिसली की बैलं बुजत. सावलीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, बारा खाटांचा एक धर्मादाय दवाखाना होता. वीज नव्हती, पाणी विहिरीचं. पहिल्याच सकाळी मी औषधांच्या कोठीमागच्या खोलीचं दार ढकललं, तर टेबलाखाली टोपलीत एक तांबडी कोंबडी पिसं फुगवून बसलेली. दवाखान्यात कोंबडी म्हणजे काय! मी पदर खोचला आणि "हुश्श, हुश्श" करत पुढे झाले.

"सिस्टरबाई! उठवू नका तिले!" मागून कोणीतरी ओरडलं. "ड्यूटीवर हाय ती!"

वळून पाहिलं तर दारात एक उंच, वाळका माणूस. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर काळी लोकरी टोपी आणि दोन्ही हातांची बोटं निळी. थोडीथोडकी नव्हे, पार दुसऱ्या पेरापर्यंत निळी. हे आमचे कादरभाऊ. दवाखान्याची प्रयोगशाळा म्हणजे ती खोली, एक सूक्ष्मदर्शक, हे कादरभाऊ आणि ही कोंबडी. तिचं नाव मेमसाब.

मेमसाबच्या खाली अंडी नव्हती. बुचं लावून मेणबत्तीच्या मेणाने तोंड बंद केलेल्या काचेच्या नळ्या होत्या. त्यांत दूध होतं आणि दुधात रोग्याचा पू.

हे सगळं ऐकून मी त्याच दिवशी वर्ध्याला परत जायला निघाले होते. पण परतीची मोटार दुसऱ्या दिवशी होती, म्हणून राहिले, ती चार वर्षं राहिले.

त्याचं असं होतं. तेव्हा पेनिसिलीन नुकतंच खेड्यापाड्यांत पोचलं होतं आणि डॉक्टरांपासून रोग्यापर्यंत सगळ्यांना वाटे, आता मरणाची भीती संपली. जखम चिघळली, टोचा पेनिसिलीन. ताप आला, टोचा पेनिसिलीन. बहुतेक वेळा गुणही यायचा. पण काही जंतू असे निघायला लागले होते की ते पेनिसिलीनला भीकच घालत नसत. अशा जंतूला कादरभाऊ पैलवान म्हणत.

"बाकीचे जंतू गरीब हाय सिस्टरबाई. सुई पाह्यली का मरते. पन हा पैलवान! हा पेनिसिलीनची खुराक खाते आन दंड ठोकते."

आता रोग्याच्या अंगात गरीब आहे की पैलवान, हे कळायचं कसं? रीतसर मार्ग म्हणजे पू बाटलीत भरायचा, मोटारीने मूल गावाला, तिथून रेल्वेने नागपूरला. उत्तर यायला सहा दिवस, कधी आठ. तोवर रोगी एकतर बरा होऊन धान कापायला गेलेला असे, नाहीतर ज्या गावी जाऊ नये त्या गावी.

कादरभाऊंना हे सहा दिवस खपत नसत. लढाईच्या काळात ते लष्कराच्या एका डेअरीत दूध तपासायला होते. तिथे दुधात निळ्या औषधाचे दोन थेंब टाकत. दुधात जंतू कमी असले की निळा रंग टिकायचा. जंतू फार असले की ते रंग उडवून टाकत आणि दूध पुन्हा पांढरं व्हायचं. असं दूध सोल्जरांना द्यायचं नाही. दवाखान्यात आल्यावर कादरभाऊंच्या डोक्यात आलं, दुधातला जंतू जर निळं खातो, तर पुवातला काऊन नाई खाणार?

मग त्यांनी तीन नळ्यांचा खेळ बसवला. तिन्हींत उकळून साय काढलेलं दूध, निळे दोन थेंब आणि थोडा पू. पहिल्या नळीत औषध नाही, दुसरीत पेनिसिलीन, तिसरीत दुसरं एखादं औषध असेल तर ते. नळ्या अंगाच्या उबेत ठेवायच्या. चार-पाच तासांत पहिली पांढरी होणारच. दुसरी निळी राहिली तर जंतू गरीब, पेनिसिलीनने मेला. दुसरीही पांढरी झाली तर पैलवान. सहा दिवसांचं काम सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत.

राहिला प्रश्न उबेचा. देणगीत रॉकेलच्या दिव्यावर चालणारी एक पेटी आली होती. तिने पहिल्याच दिवशी जंतू शिजवले आणि कादरभाऊंची उजवी मिशी जाळली. कादरभाऊंनी डावीही काढून टाकली, पेटी बाहेर काढली आणि गावात घरोघरी विचारत फिरले, "कोनाकडे खुडूक कोंबडी हाय का?" लोकांना वाटलं ईद जवळ आली. पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी असली की अंगची ऊब अगदी नेमकी, तेल लागत नाही आणि मिशी जाळत नाही. एकीचा खुडूकपणा सरला की दुसरी यायची. येईल तिचं नाव मेमसाब.

कादरभाऊंना गप्प बसणं माहीत नव्हतं. कोणी ऐको न ऐको, ते जंतूंच्या गोष्टी सांगत. "हे लोक पाहा, कसे द्राक्षाच्या घडावानी बसले. मेळ हाय त्याइच्यात. मानसात नाई इतका." दवाखान्यात कोणी शिंकलं की हातात कापसाची काडी घेऊन हजर. "नाकातलं थोडंसं द्या ना भाऊ, तुमाले तसंबी काय कामाचं?" माणसांनाही ते नळीच्याच मापाने मोजत. सावलीचा पोस्टमास्तर निळा. गिरणीवाला पाच मिनिटांत पांढरा. मी कोणत्या रंगाची, असं विचारलं तर म्हणाले, "अजून टाइम हाय, नळी गरम व्हाची हाय."

एवढं बोलणारा हा माणूस रोग्यांच्या खोलीत मात्र पाऊल ठेवत नसे. पू मी आणून द्यायचा. रोग्याचं नाव विचारायचे नाहीत, खाटेचा नंबर विचारायचे. "नाव कायले पायजे? जंतूले नाव असते का?" रोगी बरा होऊन निघाला आणि त्याने म्हटलं, नळीवाल्याला रामराम करून येतो, तर कादरभाऊ मागच्या दाराने विहिरीवर. मला वाटे, माणूस जरा कोरडाच आहे.

आमचे डॉक्टर पटवर्धन पुण्याचे. अतिशय सज्जन, अतिशय काटेकोर. घड्याळाकडे बघून हसत. कादरभाऊंचा प्रत्येक कागद ते वाचत आणि खाली लिहीत, "पाहिले. नागपूरच्या अहवालाची वाट पाहावी." एकदा हजेरीपटात 'मेमसाब, हजर' अशी ओळ सापडल्यावर त्यांनी कादरभाऊंना समोर बोलावलं.

"कादर, विज्ञानात कोंबडीला स्थान नाही."

"बरोबर हाय साहेब. पन टोपलीत हाय ना."

डॉक्टरांनी ती ओळ खोडली, पट्टी लावून.

अशात मोहफुलांचे दिवस आले. वैनगंगेपलीकडच्या जंगलातून मासू नावाच्या तिशीच्या माणसाला बैलगाडीत घालून आणलं. पहाटे मोहफुलं वेचायला गेला होता, अस्वलही त्याच फुलांसाठी आलेलं. दोघांनी एकमेकांना बघितलं तेव्हा अंतर हातभराचं. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला. मासू बांबू तोडणारा. त्या हातावरच घर.

सोबत त्याची माय होती. वाकलेली, तोंडात दात दोन, पण आवाज खणखणीत. ती खाटेखाली गोणपाट टाकून राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या दवाखान्याला धाकात ठेवू लागली. डॉक्टरांना म्हणाली, "तू जेवत नाईस का रे? कसा काडीवानी हायस." डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले.

आम्ही जखम धुतली, शिवली, दर तीन तासांनी पेनिसिलीन टोचलं. चौथ्या दिवशी हात सुजला. पाचव्या दिवशी ताप एकशे चार. जखमेतून पिवळा पू यायला लागला. नमुना नागपूरला निघाला. कादरभाऊंची टोपली तेव्हा नेमकी रिकामी होती, नवी मेमसाब मिळाली ती सहाव्या दिवशी संध्याकाळी. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर, विष वर चढतंय. उद्या सकाळपर्यंत उतार पडला नाही तर हात काढावा लागेल. त्याच्या आईला सांगून ठेवा."

कपाटात एक दुसरं औषध होतं, नवं. क्लोरॅम्फेनिकॉल. कादरभाऊ त्याला 'लंबे नाववालं' म्हणत. देणगीत एकच बाटली आली होती, एका रोग्याला पुरेल एवढी. डॉक्टरांनी ती टायफॉइडसाठी कुलपात ठेवलेली, कारण दर उन्हाळ्यात टायफॉइडने पोरं जात. उगाच आशेवर ती फोडायची आणि पुढच्या महिन्यात एखादं पोर हातचं जायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यांचंही चूक नव्हतं. "खात्री पाहिजे," ते म्हणाले. "नुसतं वाटून चालत नाही."

मी मासूच्या मायला सांगितलं. तिने मासूच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून पदराने पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ताजा पू घेऊन कादरभाऊंकडे गेले. बाटलीबरोबर नमुन्याची म्हणून आलेली एक सुटी कॅप्सूल त्यांनी मागेच मागून घेतली होती. ती त्यांनी उघडली. तीन नळ्या भरल्या, मेण लावलं, फडक्यात गुंडाळून मेमसाबखाली सारल्या आणि मला म्हणाले, "डॉक्टरसाहेबाले सांगा, एक वाजेपर्यंत थांबा. सूरी घासाची असन तर घासून घ्या, पन थांबा." मग ते विहिरीवर हात धुवायला गेले.

मासूची माय तेव्हाच तिथे आली. का आली, कोण जाणे. दवाखान्यातला रडण्याचा एखादा कोपरा शोधत असावी. दार उघडं होतं. तिला टोपलीतली कोंबडी दिसली. तिने माया करायला हात घातला तर खाली अंडी नाहीत, काच! कोंबड्या पाळण्यात जिचा जन्म गेला, तिला हे कसं सहन व्हावं? तिने मेमसाबला उचललं, अंगणात नेलं आणि सोडून दिलं.

"जा वो माय. तुले फसवून राह्यले हे लोक."

मेमसाबने पंख झाडले, राखेत अंघोळ केली, एका कावळ्याला पिटाळलं आणि कुंपणापलीकडे निघून गेली. खुडूकपणा साफ उतरला.

कादरभाऊंची किंकाळी मी ऑपरेशनच्या खोलीत ऐकली. धावत गेले तर ते रिकाम्या टोपलीजवळ गुडघे टेकून बसलेले आणि म्हातारी कमरेवर हात ठेवून त्यांना झापत होती.

"काऊन रे टोपीवाल्या? अंडे कुठी हायत तिचे? काचेवर बसवते तिले? पाप लागन तुले, पाप!"

"माय, काय केलं तू हे!" कादरभाऊंचा आवाज फाटला. "तुह्या पोराचा हात होता ना त्या कोंबडीखाली!"

म्हातारीला काही कळेना. मी तिला खाली बसवलं. सांगितलं, या काचेत मासूच्या जखमेतला पू आहे. हा जंतू कोणत्या औषधाने मरतो ते यात दिसणार आहे. चार-पाच तास ऊब पाहिजे, अंगाच्या उबेएवढी, जास्त नाही, कमी नाही. ते कळलं तर हात राहील.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला.

"आन इकडे."

"काय?"

"नळ्या आन. कोंबडीले जमते, तं मले नाई जमत का? मासूले नऊ महिने ठेवलाच ना पोटाशी."

मी बुचं तपासली, मेणाचा आणखी एक थर दिला, फडकं दुहेरी केलं. म्हातारीने लुगड्याचा ओचा सोडून ती पुरचुंडी पोटाशी घट्ट बांधली आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली. मी शेजारी थर्मामीटर खोचला. थोड्या वेळाने बघितलं, अठ्ठ्याण्णवच्या वर एक रेघ.

"मेमसाबपेक्षा फक्कड," कादरभाऊ म्हणाले.

नऊ वाजले. मग दहा. ती जागची हलली नाही. पाणी दिलं तर नको म्हणाली, मग उठावं लागेल म्हणून. कादरभाऊ समोर उकिडवे बसले. गप्प कसे बसणार? जंतूंच्या गोष्टी सांगू लागले, द्राक्षाचा घड, पैलवान, दंड ठोकणं. म्हातारी हूं हूं करत होती. मधेच म्हणाली,

"तू सकाऊन काई खाल्लं का रे?"

कादरभाऊ अडखळले. "मी? नाई. टाइमच..."

"माह्या गाठोड्यात भाकर हाय. घे. बसून खाय. उभ्यानं नको."

ते रोग्यांच्या खोलीत गेले. पहिल्यांदाच. खाटेखालून गाठोडं ओढलं, मासूकडे एक क्षण बघितलं आणि भाकर घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात मांडी घालून खाल्ली. खाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

एक वाजता डॉक्टर आले. घड्याळ हातात. म्हातारीने गाठ सोडली, तीन नळ्या बाहेर काढल्या आणि डॉक्टरांच्या हातात न देता कादरभाऊंच्या हातात दिल्या. त्यांनी उजेडाकडे धरल्या. पहिली पांढरी. पेनिसिलीनची पांढरी, पहिलीपेक्षाही पांढरी. तिसरी, लंबे नाववाली, आकाशासारखी निळी.

डॉक्टरांनी नळ्या स्वतःच्या हातात घेतल्या आणि पुन्हा उजेडाकडे धरल्या.

"हे शास्त्र नाही, कादर."

"नाई साहेब. पन खोटंबी नाई."

डॉक्टरांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग दुसऱ्या खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "पहिला डोस आत्ताच द्या," एवढंच म्हणाले आणि वळून ऑपरेशनच्या खोलीत गेले. आत उकळत ठेवलेली हत्यारं त्यांनी स्वतः विस्तवावरून उतरवली.

औषध सुरू केल्यापासून तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी सूज ओसरली. त्याच दिवशी नागपूरहून पत्र आलं: 'नमुन्याची बाटली वाटेत फुटली आहे. कृपया नवीन नमुना पाठवावा.' डॉक्टरांनी ते वाचलं आणि घड्याळाकडे न बघता हसले. त्या उन्हाळ्यात टायफॉइडचं एक पोर आलं तेव्हा मात्र कपाटात बाटली नव्हती. डॉक्टरांनी चांद्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून बाटली मागवली, ती वेळेत पोचली, पोरगं वाचलं.

मासू महिन्याभराने घरी गेला. निघताना त्याची माय सगळीकडे शोधत होती, पण कादरभाऊ विहिरीवर.

पुढे थंडीत देवीची लस टोचायला मला वैनगंगेपलीकडे पाठवलं. डोंग्यातून नदी ओलांडली, दोन गावं केली, तिसरं मासूचं निघालं. त्याचं घर विचारत गेले. मासू बांबू तोडायला गेलेला. अंगणात चिंचेखाली बाज होती, तिच्यावर कोणीतरी झोपलं होतं. बाजेजवळ मासूची माय लाखोळीची भाजी निवडत होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल वो बाई. आत्ताच डोळा लागला त्याचा."

बाजेवर कादरभाऊ. टोपी बाजूला पडलेली, तोंड उघडं, निळी बोटं छातीवर. एक पाय बाजेबाहेर लोंबत होता. मी त्यांना असं कधी बघितलंच नव्हतं. दवाखान्यात तर सांगून गेले होते की मूलला चांगली बुचं मिळतात का बघायला चाललो. महिन्यातून दोनदा जात.

"हे इथे कधीपासून येतात?" मी कुजबुजले.

"मासू घरी आला तवापासून. पयल्या डावाले म्हने, हात पाह्यले आलो. हात पाह्यला, गेला. दुसऱ्या डावालेबी हात पाह्यला. तिसऱ्या डावाले मासू घरी नव्हता, तरी बसला." ती भाजी निवडता निवडता हसली. "मंग मीच म्हनलं, हात नाई पाह्याचा तं नको पाहू. जेव."

"फार बोलत असतील ना?"

"हा? नाई बाप्पा. एक शबद नाई. जेवते, झोपते, ऊन उतरलं का जाते."

एक माशी कादरभाऊंच्या कपाळावर बसली. म्हातारीने पळसाच्या पानाने ती हाकलली.

"एक डाव इचारलं त्याले, तुही माय कुठी हाय. तं म्हने, लहानपनीच गेली. चेहराबी आठवत नाई म्हने." तिने काडी मोडली. "मी म्हनलं, नाई आठवत तं कोनाचाबी लाव. त्यात काय."

मी तिच्या दंडावर लस टोचली. तिने हूं की चूं केलं नाही, झोपमोड होईल म्हणून. मग विचारलं, "उठवू का त्याले?"

"नको, नको. झोपू द्या."

मी पिशवी उचलली आणि पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कादरभाऊ औषधांच्या कोठीत आले आणि मला सविस्तर सांगू लागले. मूलचा दुकानदार कसा लबाड आहे, त्याच्याकडची बुचं कशी भुसभुशीत, एक बूच तर नुसतं दाबलं तर कसं तुटलं. मी औषधं मोजत होते. मोजणं थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मनासारखी बुचं मिळाली नाहीत?"

"नाई ना, सिस्टरबाई."

"मग मिळेपर्यंत जात राहा," मी म्हटलं. "डॉक्टरांना मी सांगते."